चहातलं पाणी

बाबांना मुतखडा झाला आणि डॉक्टरांनी रोज तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं. बाबा देवास गेटच्या टपरीवर सात कट चहा पिऊन यायचे आणि घरात शिरताच जाहीर करायचे, "झाला आजचा कोटा." आई भडकायची, "अहो, चहा म्हणजे पाणी नव्हे!" महिनाभर घरात हीच जुगलबंदी.

वटपौर्णिमेला आई वडाला फेऱ्या मारून घरी आली. तिचा उपास एकदम कडक, निर्जळ. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, फक्त आलं घातलेला चहा.

ती कप तोंडाला लावणार तेवढ्यात बाबा तपासणीहून परतले, ते कागद नाचवतच. "बघ, डॉक्टर साहेब खुद बोलले! चहा पण पाण्यातच मोजायचा. मी लिहूनच घेतलं. आता बोल!"

आईने कप खाली ठेवला.

"पक्का?"

"एकदम पक्का."

"म्हणजे सात जन्म हाच नवरा दे म्हणून मी एकतीस वर्षं केलेले उपास... सगळे मोडलेले?"

बाबांचा हात कागदासकट हळूहळू खाली आला. आईने तो कागद त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला, शांतपणे दोनदा वाचला, कप परत उचलला आणि मला हाक मारली.


"मुक्ता, मला अजून एक कप टाक गं. आणि त्याआधी हा कागद लॅमिनेट करून आण."