पानांचा डॉक्टर

एल्बियो मागच्या खोलीच्या दारात अनवाणी उभा होता, आणि आत त्याची बायको झाडाला चहा पाजत होती.

झुल्मा बुटक्या स्टुलावर बसली होती. झाड आणि त्याच्यावरचा दिवा झाकणाऱ्या काळ्या तंबूची चेन तिने अर्धी उघडली होती. काखेत थर्मास, एका हातात येर्बाच्या पाल्याच्या चहाचा तुंबा, दुसऱ्या हातात कप. तुंब्यातल्या कडू चहाचा एक घोट नळीने स्वतः ओढायचा, आणि कालच्या पाल्याचा गाळलेला गार चहा कपातून कुंडीत सोडायचा. मधेच ती झाडाशी काहीतरी बोलत होती.

मोंतेविदेओच्या त्या गल्लीत एल्बियोला सगळे पानांचा डॉक्टर म्हणत. घरोघरी दिव्याखाली गांजाची दोन-चार झाडं, तिथल्या कायद्याप्रमाणे सरकारदरबारी रीतसर नोंदवलेली. कुणाचं झाड आजारलं की त्याचं एक पान खुडून एल्बियोकडे यायचं. खालची पानं सरसकट पिवळी पडली, तर नत्र कमी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. टोकं करपली, तर खत घालणाऱ्याचा हात सैल. पान उजेडाकडे धरून तो सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही.

त्याच्याच घरचं झाड मात्र महिनाभर कुढत होतं. शिरांमध्ये पिवळं आणि टोकाला करपलेलं, दोन्ही एकदम. पाणी तपासलं, ठीक. खत मापलं, ठीक. मग भूकच असणार असं धरून त्याने मॅग्नेशियमचं मीठ वाढवलं, खतही वाढवलं. झाड आणखीच मान टाकू लागलं. गल्लीत विचारायला जायची चोरी होती, डॉक्टरने कुणाचं दार ठोठावायचं? पण नावापेक्षा त्याला दुसरीच धास्ती होती. या झाडाच्या कळ्यांचं मलम झुल्माच्या आखडणाऱ्या, दुखऱ्या बोटांना लागायचं. मागच्या पिकाची डबी तळाला आली होती आणि थंडी तोंडावर. मलम नसलं की सकाळी तिच्याने थर्मासचं झाकणसुद्धा फिरत नसे. झाड गेलं तर तिचा हिवाळा कसा निघणार, या काळजीने त्याला घास गोड लागत नव्हता.

हे कधीपासून चाललंय, असं त्याने विचारलं. झुल्मा दचकली, पण लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. झाड या खोलीत आलं तेव्हापासून, तिने सांगितलं. काळ्या कापडात कोंडलेला जीव, ना पाखरू ना आभाळ. तिला दया आली. पहाटे तो झोपेत असताना ती रोज यायची, चार गोष्टी बोलायची आणि आपल्यातला चहा द्यायची. तोही संत्र्याची साल घातलेला, कारण तिला तसाच आवडतो. अलीकडे झाड आजारी दिसलं, म्हणून ती दुपारीही देऊ लागली होती.

"रोज देतेय, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "एकदाही नको म्हणालं नाही."

एल्बियोला हसू आवरेना. "अगं, तुंबा परत करताना आभार मानले म्हणजे 'आता पुरे', ही माणसांची रीत. आभार मानेपर्यंत आपण भरतच राहतो. झाड आभार कसे मानणार?"

"मग सांगतं तरी कसं?"

त्याने एक करपलेलं पान तिच्यापुढे धरलं. "हे असं."

मग त्याने तिला समजावलं. आंबट चहाने माती आंबली होती. अशा मातीत मुळांना जेवण जात नाही, ताट भरलेलं असलं तरी. आणि तो भूक समजून वर आणखी वाढत राहिला होता. दुसऱ्याच्या घरी तो आधी कुंडीखाली झिरपलेलं पाणी तपासायचा. आपल्या घरी त्याने फक्त आपल्या झारीतलं तपासलं, कारण दुसरं कुणी काही घालत असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

झुल्माचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच मारायला निघाले होते याला."

"निम्मं तू, निम्मं मी. ऊठ आता, दार धर."

कुंडी ओढत त्यांनी न्हाणीघरात नेली. झुल्माने खोड सांभाळलं आणि त्याने साधं पाणी सोडलं, खालून येणारा चहाचा रंग पार निवळेपर्यंत. ओलं झाड खिडकीपाशी आणल्यावर त्याने शेंडा निरखून पाहिला. कोवळी पानं हिरवीगार होती, कळ्या शाबूत होत्या. पीक थोडं उणं येईल, पण तिच्या दहा बोटांना पुरेल. त्याला इतकं बरं वाटलं की संत्र्याच्या सालीचा तो चहा त्याने कुरकुर न करता प्यायला.

तेवढ्यात शेजारचा टॅक्सीवाला दार्दो आला. एका हातात बेकरीची पिशवी आणि दुसऱ्या हातात पिवळं पान.

"डॉक्टर, हे जरा बघा. खत तर मी अगदी मापात घालतो."

एल्बियोने पान उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरलं.

"खताचं राहू दे," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय घरात आणखी कुणाचा जीव आहे या झाडावर?"