विजयदुर्गचा म्हातारा

"मी आता सांगतंय ता कोणाक पटाचा नाय," बायकोच्या गाठीचा रिपोर्ट घेऊन दवाखान्यातून परतलेला गंगाराम ओसरीत भिंतीला टेकून उभाच राहिला. "गोदू, तुझी गाठ नुसती चरबीची."

गोदूबाईने सुरमई टोपलीत परत ठेवली. लग्नापासून या माणसाने खरं असं फारसं सांगितलं नव्हतं. त्याच्या होडीला धडकलेला देवमासासुद्धा माफी मागून गेला होता.

तिच्या दंडातली गाठ मऊ होती. ती गुपचूप दाबून बघायची आणि दर वेळी बोट आत रुतायचं. जन्मभर मासळी विकलेल्या बाईला मऊ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बोट रुतलं की मासा नासला. तिने सुनेला, अक्षयाला, आपली गिऱ्हाइकं सोपवून टाकली होती. नथसुद्धा देऊन टाकली होती.

"खोटा बोलतास. माका बरा वाटाचा म्हणान."

"अगो, गाठीक मासळीचा गणित उलटा!" गंगारामने तिचा अंगठा धरून तिच्याच दंडावर ठेवला. "दाब. मऊ आसा, कातडीखाली सरकता. तीच बरी. डॉक्टरीण म्हणाली, कापूचीय गरज नाय."

गाठ सरकली. गोदूबाईने पुन्हा दाबून पाहिली.

"मग वायट कशी असता?"

गंगाराम खुलला. गोष्ट रंगवायची त्याची जुनी खोड.

"थंय एक विजयदुर्गचो म्हातारो भेटलो. आमच्यासारखोच दर्यावर्दी. गुडघ्याच्या वर, खोल, हाडाक धरून गाठ. दगड! ढकलल्यान तरी हालना नाय. सुपारीएवढी होती, बघता बघता काजूच्या बोंडूएवढी झाली. दिसाक काय नाय गो, पण रात्री आडवो झालो की हाडात असो ठणको मारता, उशी चावून पडून रवता. बायको उठात म्हणान."

गोदूबाईचे डोळे भरले. आपली धास्ती ती विसरूनच गेली.

"डॉक्टरीण काय म्हणाली त्याका?"

"पाय काढूचो लागतलो. तरी वाचतलो असा नाय. छातीतय पोचला आसा."

"अरे देवा. घरी सांगल्यान त्यान?"

"खंय सांगता! बायको आपल्याच दुखण्याच्या काळजीन अर्धी झालेली. आधी तिचा बरा निघू दे म्हणालो."

"ह्या सगळा तुमका सांगल्यान?"

"रांगेत बाजूक बसलेलो. माणूस बोलता."

"उशी चावता, ह्यासुद्धा?"

गंगारामने एक पाय हळूच भिंतीकडे ओढून घेतला.  देवमाशाला बोलायला लावणारा माणूस आता टोपलीतली सुरमई कितीक गेली ते विचारू लागला.

गोदूबाई उठली आणि त्याच्या पायाशी येऊन बसली.

"विजयदुर्गाक कोण म्हातारो नाय," ती म्हणाली. "तुमचो पाय हडे करा."