झाकणावरचा सराव

कॉम्प्युटर आज येतो, उद्या येतो, असं करता करता चार महिने गेले. तोवर बाईंनी चपलांच्या खोक्यांच्या झाकणांवर कीबोर्ड काढून दिले आणि तीस मुलींना त्यावरच टायपिंग शिकवलं. धडा संपला की मनाला येईल ते टाइप करायची मुभा असे. तीस झाकणांवर बोटं टपटप वाजत, आणि बाई धन्य होऊन वर्गभर फिरत.

अखेर एक कॉम्प्युटर आला. पहिला नंबर लावायला मुलींची नुसती ढकलाढकली. बाईंनी बसवलं ते शिंप्याच्या लेकीला. तिला सगळ्या गोगलगाय म्हणत. हजेरीलाही ती जेमतेम ओठ हलवायची.

"काय लिहू, बाई?"

"रोजच्यासारखं. मनात येईल ते."

पोरीने सवयीने मान खाली घातली आणि बोटं अशी सोडली की बाई बघतच राहिल्या. पडद्यावर उमटलं होतं: 'आमच्या बाई गोड आहेत, पण पक्क्या थापाड्या आहेत. कॉम्प्युटर काही या जन्मी येत नाही.'

पोरीने वर पाहिलं आणि जीभ चावली. "अगंबाई! इथे दिसतं होय हे?"

बाईंनी दोनदा वाचलं. टायपिंगची एकही चूक नव्हती.

"गोगलगाय आणि पोटात पाय!" हसू दाबत त्या म्हणाल्या. "शाब्बास. चला, आता पुढची कोण?"

मघापासून ढकलाढकली करणाऱ्या एकोणतीस जणी एकमेकींच्या पाठीमागे लपत होत्या.