टेट्रांचं खाणं

अपेक्षा हॉस्पिटलात गेल्यापासून चिंचपोकळीच्या खोलीतले तिचे लाडके टेट्रा मासे दीपक सांभाळत होता. पण इवल्याशा माशांचा तो घोळका त्याला बघून लपायचा.

आज संध्याकाळी तो खाण्याची डबी घेऊन फिशटँकपाशी आला, तर मासे आधीच खात होते. पाण्यावर ताजा चुरा तरंगत होता. डबी त्याने अजून उघडलीही नव्हती.

तेवढ्यात अपेक्षाचा फोन आला. आवाज थकलेला, पण खुशीत होता.

“अहो, त्यांना परत देऊ नका हं. मी आत्ताच घातलंय.”

“अगं, तू तर हॉस्पिटलात आहेस ना?”

“तुमचा चहाही ओट्यावर झाकून ठेवलाय. निवायच्या आत प्या.”

दीपकला मागे वळवेना. मासे मात्र खाणं सोडून, तिला पाहिल्यावर यायचे तसे लगबगीने काचेपाशी आले आणि त्याच्या पाठीमागे बघू लागले.