बोट ठेवायला जागा

नवरा गुडघ्यांवर बसून बाथरूमची फरशी नाण्याने वाजवत होता. "पोकळ," तो म्हणाला. बायकोने दारात उभ्या उभ्या वहीत लिहून घेतलं. सत्तावीस.

समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या हॉटेलात त्यांचा हा तिसरा दिवस. राहणं, खाणं, पिणं, पोहणं, सगळं आधी भरलेल्या पैशांतच, असं बुकिंग करून देताना त्यांच्या मुलीने सांगितलं होतं. होतं खरं सगळं. पोहायचा तलाव होता, पण कोरडा ठणठणीत. खोलीतून समुद्रही दिसायचा, पाण्याच्या दोन टाक्यांच्या मधून, वीतभर. जेवणाला अकरा भांडी मांडलेली असायची आणि अकराही भांड्यांत चव एकच, रंग तेवढे वेगळे. हॉटेलने ओळखीसाठी मनगटावर बांधलेला निळा पट्टा मात्र पक्का होता, काही केल्या निघत नव्हता.

दोघं इथे आली होती ती नाइलाजाने. घरी घटस्फोटाचे कागद सहीसाठी पडून होते. मुलगी रडली. एक आठवडा कुठेतरी एकत्र राहून या म्हणाली, मग करा काय त्या सह्या. तिचं मन मोडवेना म्हणून दोघांनी बॅगा भरल्या. सहा तासांच्या प्रवासात दोघं मिळून चार वाक्यं बोलली, त्यातली दोन तिकिटं कुठे ठेवली यावर.

भांडण नक्की कशावरून, असं कुणी विचारलं असतं तर दोघांनाही धड सांगता आलं नसतं. खरा दोष धंद्याचा. तो लोकांना नवी घरं ताब्यात घेण्याआधी तपासून द्यायचा. कुठली भिंत तिरकी, कुठलं दार घासतं, हे त्याला उंबऱ्यावरूनच कळायचं. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. एक काना निसटला तरी तिला जेवण जात नसे. अशी दोन माणसं पंचवीस वर्षं एका छपराखाली राहिली तर नजर जाणार कुठे? त्याला तिच्या बोलण्यात खोट दिसायची, तिला त्याच्या चहा पिण्याच्या आवाजात, घोरण्यात, झालंच तर त्याच्या बहिणीत. शेवटी शेवटी 'अहो' आणि 'अगं'सुद्धा बंद पडलं. काम असलं की नुसतं खाकरायचं.

आणि इथे पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, हा पडदा बघितलात का?"

तो चमकलाच. पडदा खिडकीपेक्षा चांगला हातभर आखूड होता. त्याने उठून मोजला. मग काय, तो नजर फिरवत गेला आणि ती लिहीत गेली. दार नीट लागत नाही म्हटलं की ती विचारायची, फट किती बोटांची ते सांगा, मोघम नको. दुसऱ्या दिवशी कोरड्या तलावाच्या काठावर पाय सोडून दोघं तडे मोजत बसली. मोजता मोजता तिला असं हसू फुटलं की तिने त्याचा खांदा धरला. कितीतरी वर्षांनी धरला. त्याला बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं, आणि त्या भरात तो तडे मोजायला चुकला.

यादी एकतीसवर थांबली. तिने ती स्वच्छ अक्षरात उतरवली आणि खाली दोघांनी सह्या केल्या. एका कागदावर दोघांच्या सह्या झाल्या त्या अशा.

मॅनेजर भला माणूस निघाला, हेच वाईट झालं. त्याने यादी शेवटपर्यंत वाचली, मनापासून माफी मागितली आणि हॉटेलातली सगळ्यात उत्तम खोली त्यांना देऊन टाकली. समोर अख्खा समुद्र. पडदे थेट जमिनीपर्यंत. नवऱ्याने नाणं वाजवून पाहिलं, एकही फरशी पोकळ नाही. बायकोने टेबलावरचं माहितीपत्रक दोनदा वाचलं, एकही चूक नाही. जेवण वर आलं, तेही गरम आणि चवीचं. बोट ठेवायला जागा म्हणून नव्हती.

तासाभरात ती म्हणाली की चपला दाराशी काढायच्या असतात. तो म्हणाला की उपदेश संपला असेल तर टीव्हीचा आवाज कमी करावा. जेवताना तिला त्याचा प्रत्येक घोट ऐकू आला. त्याने काही कारण नसताना तिच्या माहेरचा विषय काढला. झोपेपर्यंत गाडी पुन्हा खाकरण्यावर आली होती. पलंग एवढा रुंद की मध्ये तिसरं माणूस सहज मावलं असतं.

सकाळी त्याला जाग आली तेव्हा ती खोलीत नव्हती. तिची बॅगही नव्हती. गेली. घरी पोचून सही करून मोकळी होणार. तीन दिवस ती हसली ते त्या हॉटेलला, आपल्याला नव्हे. आणि आपण मूर्खासारखे खूश होतो! तो तसाच अनवाणी जिना उतरत खाली धावला.

ती काउंटरपाशी उभी होती, पायाशी बॅग. तिला जुनी खोली परत हवी होती. मॅनेजर बिचारा रडकुंडीला आला होता. तिथला नळ अजून गळतो, पडदाही आलेला नाही, असं तो परोपरीने सांगत होता. शेवटी त्याने हात टेकले.

"मॅडम, एकदा स्पष्टच सांगा. नव्या खोलीत खराब काय आहे?"

तिने वळून धापा टाकणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"आम्ही दोघं," ती म्हणाली. "जुनीची किल्ली द्या."