पाय लागला तर

"फिर वाकला तू!" गिरधर ओरडला. "अरे, चेंडू तिकडे चालला ना!"

अनंता खजील होऊन उभा राहिला. चेंडू हिसकावताना त्याचा बूट थोरल्या भावाच्या नडगीला लागला होता, आणि खेळ तसाच सोडून त्याचा हात भावाच्या पायाला लागून कपाळाकडे गेला होता. लहानपणापासूनची सवय, मेंदूला विचारून थोडीच होते! ओरडता ओरडता गिरधरचाही हात धाकट्याच्या डोक्यावर टेकलाच होता.

जैनाबादच्या मैदानावरचं ऊन उतरत होतं. उद्या इंदूरला अनंताची फुटबॉल प्रशिक्षकाची प्रात्यक्षिक परीक्षा. नवं राज्य झालं तसे नियमही नवे आले. प्रमाणपत्राशिवाय शाळा त्याला ड्रिलमास्तर म्हणून ठेवणार नव्हती. संघ आपापला न्यायचा, आणि या संघात गिरधरइतका तरबेज गडी दुसरा नव्हता. मागच्या खेपेला परीक्षकानं नेमकं त्यालाच पुढे बोलावलं. अनंतानं चेंडू छान काढून घेतला, पण पाय लागताच तो सगळ्यांदेखत वाकला.

"मास्टरजी, ये फुटबॉल है या आरती?" परीक्षक म्हणाला होता. मैदानभर हशा पिकला. ही आता शेवटची संधी होती. उद्या पुन्हा वाकलो तर नोकरी गेलीच, या धास्तीनं अनंताला दुपारचं जेवणसुद्धा गेलं नव्हतं.

"दादा, दुसऱ्या कोणाले तरी उभं करतो."

"तो परीक्षक मलेच बोलावीन. जोरात ये. मैदानात मी तुहा दादा नाही." गिरधरनं आवाज चढवला. "वाकशीन तर माही शप्पथ हाये तुले."

शपथच घातली म्हटल्यावर अनंतानं शिट्टी वाजवली.

गिरधर धोतराचा काचा मारून, अनवाणी, चेंडू घेऊन सुसाट आला. अनंता मन घट्ट करून आडवा गेला. बूट चेंडूवर बसला आणि तसाच पुढे नडगीवर. गिरधर मातीत कोसळला. अनंताचा हात खाली निघालाच होता. त्यानं मूठ आवळली, चेंडू घेतला आणि मागे न बघता गोलापर्यंत पळाला.

"जमलं, मास्तर! पास समजा!" गोलात उभा असलेला सुकलाल ओरडला. बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या.

अनंता हसत वळला आणि जागीच थांबला.

गिरधर मातीत उठून बसला होता. नडगीवरून रक्ताचा ओघळ चालला होता, पण तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. सवयीनं त्याचा उजवा हात पुढे झाला होता, आणि हाताखाली कुणाचंच डोकं नव्हतं.

"बराबर," तो म्हणाला. "उद्या असाच ये."

हात मात्र त्याला लगेच खाली घेता आला नाही.