हमी आयुष्यभराची

"पुन्हा तुटला!" नोएमीबाईंनी हेल्मेट काढून बाकावर आपटलं. "या खेपेला पेटीसकट. ऐन वळणावर शंभर पाव रस्त्यावर! बाप्तिस्म्याची ऑर्डर होती. वाडीतली कुत्री जेवली पोटभर, आणि बोलणी मी खाल्ली."

वेल्डर गिल्दार्दोने मोटारसायकलच्या मागे वाकून पाहिलं. कॅरियरची नळी नेहमीच्याच सांध्यात फाटली होती. मग त्याला बाईंचं खरचटलेलं कोपर दिसलं, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

सालामिनाच्या डोंगरात त्याच्या हातचा कॅरियर गाडीपेक्षा जास्त जगे. गाडी भंगारात जाई, कॅरियर मुलाच्या नव्या गाडीला लागे. दुकानाच्या पाटीवर 'हमी आयुष्यभराची' असं लिहिलेलं होतं, आणि ती थाप नव्हती. दुरुस्ती फुकट, वर सांधा गार होईपर्यंत गुळाची काळी कॉफी. सांध्यावर पाणी ओतून घाई करणं त्याच्या लेखी पाप होतं. पण दोन वर्षांत परत आला तो एकच कॅरियर, पाव विकणाऱ्या विधवा नोएमीबाईंचा, आणि तोही दर महिन्याला.

समोरचा पंक्चरवाला ओव्हिदियो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "उस्ताद, बाकीच्यांचा सांधा अर्ध्या कपात गार होतो. बाईंचाच कसा हो दोन-दोन तास तापलेला राहतो?"

"नळी जाड आहे," गिल्दार्दो म्हणे.

नळी कसली जाड! बाईंच्या कॅरियरला तो वेल्डिंग फक्त वरून करी. खालून नुसता काळा रंग फासत असे. पन्नाशी उलटली तरी एका बाईला 'कॉफीला या' म्हणायची त्याची छाती नव्हती. पेटी डुगडुगायला लागली की बाई आपणहून येत. पेटी कधी पडेल, बाईंना लागेल, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ही शेवटची दुरुस्ती," बाई म्हणाल्या. "आता तुटला तर भाचा मानिसालेसहून कंपनीचा आणून देतोय."

गिल्दार्दोने चष्मा चढवला. वरून वेल्डिंग केलं. मग गाडी आडवी करून खालूनही केलं, अगदी जीव ओतून. आता हा कॅरियर या जन्मी तुटणार नव्हता. इतकं चांगलं काम करताना त्याला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. बाईंनी कॉफी संपवली आणि त्या गेल्या.

पाच आठवडे गेले. "जाड नळी गार झाली वाटतं," ओव्हिदियो म्हणाला.

सहाव्या आठवड्यात बाई आल्या. पेटी दोरीने बांधलेली होती.

"तुटला," त्या म्हणाल्या.

गिल्दार्दो धावत जाऊन खाली वाकला. त्याचा सांधा जसाच्या तसा होता. त्याच्यापासून बोटभर अंतरावर नळी सरळ रेषेत दुभंगली होती. कड चकाकत होती, तिच्यावर दातांचे बारीक ओरखडे होते.

"बाई, हा तुटलेला नाही. करवतीने कापलाय."

नोएमीबाई आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसल्या आणि कपासाठी हात पुढे केला.

"मग काय करू, उस्ताद? या खेपेला तुम्ही खालूनही वेल्डिंग केलंत!"